सोनवणेबाईंचं एक ‘नाही’

आमच्या शाळेत सोनवणेबाईंविरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी मी केल्या. तीन लेखी, बाकी तोंडी. मी गणिताचा शिक्षक, त्या गाण्याच्या. माझा सातवीचा वर्ग आणि त्यांची गाण्याची खोली यांच्यामध्ये एक पत्रा होता, आणि तोही छतापर्यंत पोहोचलेला नव्हता. मी फळ्यावर समीकरण मांडायला घ्यावं आणि पलीकडे पंचवीस पोरींनी एका दमात आरोह-अवरोह सुरू करावेत, असं वर्षानुवर्षं चाललं. हेडमास्तर माझा अर्ज वाचायचे, घडी करायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. पुढे त्याचं काय व्हायचं ते त्यांनाच ठाऊक.

धरणगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. सगळा कापसाचा मुलूख. अशा गावात गाण्याची शिक्षिका कोणी आणि कशाला मंजूर केली, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. ऐंशीच्या आसपास बाई आल्या त्या एका खांद्याला पिशवी आणि हाताला सात वर्षांची पोर घेऊन. नवरा कंपाउंडर होता, तो पोर तीन वर्षांची असतानाच गेला. पोरीचं नाव शैला. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “दमले हो.” एवढं म्हणून लगेच उठल्या आणि पेटी कुठाय म्हणून विचारायला लागल्या. पुढची पंधरा-सोळा वर्षं मी हेच बघितलं. बाई बसत ते दमले म्हणण्यापुरत्याच. त्यांचं ते दमणं खोटं नव्हतं, खरोखरच दमलेल्या असायच्या. फक्त बसायला त्यांना सवड नसायची.

शाळेची पेटी म्हणजे एक नग होता. भाता फाटका, आणि वरच्या सप्तकातली एक पट्टी मुकी. दाबली की नुसती हवा यायची. हेडमास्तरांकडे त्या पट्टीसाठी बाईंनी किती खेटे घातले असतील! शेवटी त्यांनी नाद सोडला. तो स्वर आला की बाई पेटी थांबवायच्या आणि गळ्यातून लावून दाखवायच्या. त्यामुळे आमच्या गावातल्या पोरींची बाकी सगळी सरगम पेटीवर बसलेली होती आणि तो एक स्वर बाईंच्या गळ्यावर. पुढे तालुक्याच्या स्पर्धेत धडधाकट पेटी मिळाली, तर तो स्वर पेटीतून वाजल्याबरोबर आमच्या दोन पोरी दचकून गप्पच झाल्या. बक्षीस गेलं. बाई परतीच्या गाडीत इतक्या हसल्या की डोळे पुसत बसल्या.

एकदा मी पत्र्यावर डस्टर आपटला. दुसऱ्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता भांडण. तर म्हणाल्या, “सर, एकोणतिसाचा पाढा तुमच्या किती मुलांना येतो?” मी खरं ते सांगितलं, तिघांना. म्हणाल्या, “आठ दिवस मला द्या.” मी म्हटलं, बघूया तरी काय दिवे लावतात. आठ दिवसांनी माझा अख्खा वर्ग एकोणतिसाचा पाढा भूप रागात म्हणत होता. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. कारण सगळ्यांना येत होता. पुढे परीक्षेत पोरं हिशेब करताना ओठ हलवून गुणगुणायची आणि बाहेरून आलेले पर्यवेक्षक कॉपीच्या संशयाने त्यांच्यामागे जाऊन उभे राहायचे.

बाईंच्या शिकवण्यात कौतुक नावाची गोष्ट नव्हती. पोरगी जीव तोडून गायली तरी फार तर “बरं” म्हणायच्या. ‘छान’ त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं असेल तर त्याने पुढे यावं. आणि ताल सदा हातात. स्टाफ मीटिंगमध्ये हेडमास्तरांचं भाषण सुरू झालं की त्यांची बोटं टेबलावर चालू. त्यांच्या घरी एकदा गेलो तर कणीक तिंबताहेत तीही तीनतालात. शैला समोर बसून बटाटे सोलत गात होती, आणि तिचं कुठे चुकलं की बाई तिंबणं थांबवायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसतं थांबायचं. पोर लगेच मागे जाऊन ओळ दुरुस्त करायची. मी गाण्यातला औरंगजेब, पण त्या दिवशी आलेलं काम विसरून उंबऱ्यात उभा राहिलो. असा आवाज त्या पोरीचा होता. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बरं गाते.

बाई दर जूनमध्ये घरोघर हिंडायच्या. पोरींना गाण्याला पाठवा म्हणून. गावाला गाणं नको होतं अशातला भाग नाही. लग्नात, हळदीत, शेतात बायका गायच्याच. पण शिकायचं, पेटीवर बसायचं, स्टेजवर उभं राहायचं म्हटलं की बापांच्या कपाळाला आठ्या. एका जूनमध्ये माझ्याकडे शाळेची पटनोंदणी होती, म्हणून त्यांच्याबरोबर फिरावं लागलं. भिका आबा म्हणून एक तापट गृहस्थ होते, त्यांची पोरगी बाईंना हवी होती. बाई काही बोलायला लागल्याच नाहीत. आबांची बायको ओट्यावर बसून तूर निवडत होती, तिच्यासमोर बसल्या आणि त्याही निवडायला लागल्या. मग तिलाच विचारलं, तुमच्याकडे हळदीला काय म्हणतात? ती लाजत लाजत गायला लागली. बाईंनी तिच्यामागे तेच म्हटलं, आणि चुकल्या. मुद्दाम चुकल्या की खऱ्या, देव जाणे. त्या बाईने त्यांना दुरुस्त केलं. अर्ध्या तासाने आबा खाटेवरून म्हणाले,

“ते समदं ठीक शे बाई. पन आंडेरले गाणा शिकाडशात, मंग तिले करी कोन?”

म्हणजे, लेकीला गाणं शिकवाल, मग तिच्याशी लग्न कोण करेल? बाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “आबा, मलाही एकच मुलगी आहे. तिला मी शिकवतेच आहे. तिचं जे होईल ते तुमच्या मुलीचं.”

आबांनी पोरगी पाठवली. आणखी पुष्कळांनी पाठवल्या, याच एका वाक्यावर. बाई ते वाक्य दारोदार बोलायच्या. शैला ही त्या गावातल्या सगळ्या पोरींना जामीन होती, असं म्हणायला हरकत नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगवत नाही, पण त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

शैला विसाची झाली. धुळ्याचं एक स्थळ मीच आणलं. मुलाचे काका माझे कॉलेजातले मित्र. मुलगा पाटबंधारे खात्यात, घर स्वतःचं, देवपूरकडे. घरात आईवडील आणि थोडी शेती. चांगली माणसं. बाईंना एवढंच ठाऊक होतं की आपल्याला दम्याचा त्रास सुरू झालाय आणि आपल्यामागे या पोरीला कोणी नाही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. गादीवर चादर घालून झाली होती, पोह्यांची तयारी होती, आणि पेटी समोरच भिंतीशी होती. मी पेटीकडे बघितलं आणि म्हणालो, बाई, धुळ्याची मंडळी जुन्या वळणाची दिसतात. गाण्याचं फारसं काढू नका.

मला कोणी सांगितलं होतं हे? कोणीही नाही. मित्राच्या पत्रात ‘घर जुन्या वळणाचं’ एवढे तीन शब्द होते, त्यावरून मी उत्तर काढलं. गणितात पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बाईंनी पेटी उचलून खाटेखाली सारली आणि वर गोधडी टाकली. शैला आतल्या दाराशी होती, तिने ते बघितलं.

पाहुणे आले. चहा-पोहे झाले. मुलाची आई गावाकडची, ठसठशीत कुंकवाची, मोकळ्या स्वभावाची बाई. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तिने शैलाकडे वळून विचारलं, “गाणा येतस का व तुले, पोरी?”

शैलाने आईकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांच्या बशीत बघितलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तिला गाणं येत नाही.”

मुलाच्या आईने मान हलवली आणि विषय पोह्यांतल्या शेंगदाण्यांवर गेला. शैलाची मान खाली होती. तिचं तोंड मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही ते बरंच झालं असं तेव्हा वाटलं. लग्न जमलं. लग्नात बाईंच्या पंधरा-वीस पोरी मंगलाष्टकं म्हणायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी मांडव दणाणून सोडला. नवरी तेवढी गप्प होती. बायका म्हणाल्या, लाजते.

त्यानंतर शैला माहेराला आली की पेटीला हात लावायची नाही. पहिल्या दिवाळीला बाईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “येत नाही म्हणून सांगितलंय ना तू? मग सवय कशाला ठेवू? चुकून तोंडातून निघालं तर तुझा शब्द खोटा पडेल.” रागाने नाही म्हणाली. साधं बोलावं तसं बोलली आणि भांडी घासायला गेली. हे बाईंनीच मला सांगितलं. पुढे त्या घरोघर हिंडायच्या बंद झाल्या. प्रकृतीचं कारण सांगत. प्रकृतीही होतीच तशी. पण भिका आबांच्या ओट्यावरचं ते वाक्य त्यांना आता बोलता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. वर्गातल्या पोरी कमी होत गेल्या. पत्र्यापलीकडचा आवाज निम्म्यावर आला. मला शांतपणे शिकवता यायला लागलं, आणि त्या शांततेचा मला वीट आला.

बाई निवृत्त झाल्या. गावातच राहिल्या. शैलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. एका उन्हाळ्यात शैलाची पोरगी, सहा-सात वर्षांची, आजीकडे सुट्टीला आली होती. मी सहज डोकावलो तर बाई तिला कसलंसं बालगीत शिकवत होत्या. पोरगी चटकन उचलत होती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, अगदी आईवर गेलीस गं. तर ती पोर फणकाऱ्याने म्हणाली, “माझ्या आईला गाणं येतच नाही.”

बाई पेटीवर हात तसाच ठेवून बसल्या. त्या दिवशी त्या दमले म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, “सर, पोरीला पोचवायला धुळ्याला जायचंय. तुम्ही चला. मला एक गोष्ट निस्तरायची आहे.” मी कुठली ते विचारलं नाही.

एरंडोल, पारोळा करत एसटीने निघालो. मे महिना. खिडकीतून आगीच्या झळा. बाईंच्या मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी, शेजारी नात झोपलेली. दर दहा मिनिटांनी बाई औषधाचा फवारा तोंडात मारत होत्या. मी म्हटलं, आता हे उकरून काढून काय मिळणार? नऊ वर्षं झाली. तिच्या संसारात कालवाकालव होईल. बाई म्हणाल्या, “होऊ दे.” मग पारोळा गेल्यावर म्हणाल्या, “तिला वाटतं, तिच्या सासरच्यांना आवडणार नाही. सासरच्यांना वाटतं, तिला येत नाही. आणि मला झोप येत नाही. तिघांतलं एक तरी मिटू दे.”

घरी पोचलो. शैलाने वाकून नमस्कार केला, पाण्याचे पेले आणि चहाचे कप आणले. ती सुकली नव्हती की काही नाही, चांगली भरली होती अंगाने. विहीणबाईंनी मोठ्या आनंदाने स्वागत केलं, वांगी बघून खूश झाल्या. बाईंनी पाणी पिऊन पेला ठेवला आणि प्रस्तावना न करता बोलायला लागल्या.

“विहीणबाई, तुम्ही मुलगी बघायला आला होतात तेव्हा मी खोटं बोलले. शैलाला गाणं येतं. माझ्या हाताखाली तिच्यासारखी गाणारी दुसरी झाली नाही. तुम्हाला चालणार नाही या भीतीने मी नाही म्हटलं. तिचा यात काही दोष नाही.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी चहाचा कप धरून बसलो होतो.

विहीणबाईंनी हातातलं वांगं सुपात ठेवलं. त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या,

“याहीनबाई, माले म्हाईत शे. पयलाच वरीसले समजनं. पानी भरतांना गुणगुणे, मी उनू का चूप व्हई जाये. माले वाटे, आम्ही अडाणी लोके, आमनापुढे कशाले गाई ती?”

म्हणजे, त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं; शैला पाणी भरताना गुणगुणायची आणि या आल्या की गप्प व्हायची. विहीणबाईंनी मग जे सांगितलं ते असं. त्यांच्या घरात श्रावणात कानबाई बसते, म्हणजे देवीची घरात स्थापना होते. खानदेशात ती ज्यांच्याकडे असते त्यांना वेगळं सांगायला नको. अख्खी भाऊबंदकी गोळा होते आणि बायका देवीची गाणी म्हणतात. ती गाणी उचलून धरायला घरात एक आवाज लागतो. त्यांच्या थोरल्या जाऊबाई तो धरायच्या. त्या वारल्या, आणि त्यानंतर यांच्या कानबाईपुढे टेप लावायची वेळ आली.

“म्हनीसन तं मी इचारं व्हतं,” विहीणबाई म्हणाल्या. “गाणारी वहू जोयजे व्हती माले.”

म्हणूनच तर विचारलं होतं. गाणारी सून हवी होती त्यांना.

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. शैला स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. तिने ते ताट खाली ठेवलं. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. आईकडे बघून म्हणाली, “नऊ वर्षं, आई. मी बाथरूममध्येसुद्धा तोंड मिटून आंघोळ केली.”

बाईंनी मान हलवली. विहीणबाईच उठल्या, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, झालं ते झालं, आता तरी म्हण एखादं. शैला म्हणाली, “आता येत नाही हो मला. खरंच नाही येत. घरात कोणी नसताना दोन-तीनदा लावून बघितलं. आवाज उभाच राहत नाही.” आणि ती चहाची भांडी गोळा करून आत गेली.

त्या घरात बोलणं भाग असलेला एकच माणूस गप्प बसला होता, तो मी. तेव्हा तरी सांगायला हवं होतं, की बाईंना तो सल्ला माझा. नाही सांगितलं. बाईंनीही नंतर कधी काढलं नाही. काढायला नंतर काही उरलंच नाही म्हणा. त्या परत गावाला आल्या नाहीत. श्रावण सरल्यावर धुळ्यालाच वारल्या, लेकीच्या घरी. मला पत्र उशिरा मिळालं.

त्या दिवशी मी संध्याकाळी पाचच्या गाडीसाठी उठलो. बाईही उठल्या. मला वाटलं, निघताहेत. तर म्हणाल्या, तुम्ही जा सर, मी राहते थोडे दिवस. आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे शैला पाठमोरी भांडी घासत होती. बाईंनी भिंतीशी उभा केलेला पाट घेतला आणि मोरीजवळ, ओल्या फरशीवर, तिच्या शेजारी बसल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेवढंच.

गल्लीत आलो तर स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. आतून बाईंचा आवाज आला. एकच स्वर, खालचा, दम्याने फाटलेला, पण सरळ. तो संपला. आतून भांड्यांचा आवाज तेवढा. बाईंनी तोच स्वर पुन्हा लावला. भांडी थांबली. आणि मग दुसरा आवाज आला, घोगरा, डळमळीत. तो चुकला होता हे मलासुद्धा कळलं.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

परत चुकला. बाई परत म्हणाल्या, “पुन्हा.” रागाने नाही, घाईनेही नाही. मी एका सायकलला टेकून उभा राहिलो. मोजायची मला सवयच आहे. बाई सात वेळा ‘पुन्हा’ म्हणाल्या. आठव्या वेळी दोन्ही आवाज एकाच स्वरावर चालू राहिले, आणि बाई काही म्हणाल्या नाहीत.